मड टायरांचा आग्रह : एक प्रतिवाद

लालबाग-परळच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांपासून दादरच्या फूलबाजारापर्यंत, आणि गिरगावातल्या मंडप-सजावटीच्या गोदामांपासून प्लाझाजवळच्या भाजीबाजारापर्यंत, पिकअप गाड्यांवर ज्यांचा चरितार्थ चालतो त्या मालक, चालक आणि भाड्याने गाडी लावणाऱ्या व्यापाऱ्यांमध्ये अलीकडे एक मत बिनतक्रार मान्य होत चालले आहे. ज्या गाडीला पावसाळ्यात घाट चढावा-उतरावा लागतो, कोकणात जावे लागते, किंवा शेताच्या बांधाशी जाऊन माल भरावा लागतो, तिला मड टायरच हवेत, मग ती गाडी उरलेला सारा वेळ काँक्रीटवर धावत का असेना, असे हे मत आहे. ते मला केवळ खर्चिक वाटत नाही, घातक वाटते. आणि ज्या कष्टाच्या अनुभवातून ते जन्मास आले त्या अनुभवाचा यत्किंचितही अनादर न करता त्याचा सविस्तर प्रतिवाद केला पाहिजे, अशी माझी धारणा आहे.

प्रतिवाद करावयाचा तर प्रथम पूर्वपक्ष त्याच्या सर्व बळासह मांडला पाहिजे. या मताचे पुरस्कर्ते चार गोष्टी सांगतात. पहिली ही की, आमच्याकडचा पावसाळा म्हणजे पाणी आणि चिखल, आणि खोल नक्षीचा टायरच पाणी कापतो व चिखल फेकतो. दुसरी ही की, मुंबई-गोवा महामार्गापासून शहरातल्या गल्ल्यांपर्यंत खड्ड्यांचे जे साम्राज्य आहे त्यात जाड कुशीचा टायरच टिकाव धरतो. तिसरी ही की, फुले, भाजी आणि मूर्ती हे जिन्नस वेळेचे आहेत. गाडी एक रात्र चिखलात रुतली तर फुलांचा लगदा होतो आणि मूर्ती मुहूर्ताला पोहोचत नाही, तेव्हा त्या एका रात्रीसाठी वर्षभर थोडा आवाज आणि थोडे जास्त डिझेल सोसलेले परवडते. चौथी आणि सर्वांत प्रभावी ही की, मड टायर लावलेल्या शेकडो गाड्या महामार्गावर रोज धावतात आणि त्यांना काही होत नाही. या चारही गोष्टींत सत्याचा अंश आहे, आणि त्या अंशामुळेच त्यांतून निघणारा निष्कर्ष खरा असल्याचा भास होतो.

मड टायर म्हणजे नेमके काय, हे त्याच्या रचनेवरून पाहावे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ११७ क्रमांकाचा जो विनियम टायरांचा आवाज, ओल्या रस्त्यावरील पकड आणि लोळणीचा रोध यांचा बंदोबस्त करतो, त्यात अशा टायरांसाठी एक वेगळे वर्गीकरण आहे आणि त्याची खूण म्हणून टायराच्या कुशीवर ‘पीओआर’ ही अक्षरे उमटवलेली असतात. मोटार आणि हलक्या मालवाहू गाडीच्या टायराला या वर्गात बसायचे तर नक्षीची खोली किमान ११ मिलिमीटर, पृष्ठभागातला मोकळा भाग किमान ३५ टक्के आणि वेगाची कमाल मर्यादा ताशी १६० किलोमीटर असावी लागते. याचा सरळ अर्थ असा की, हा टायर रस्त्याला जेवढा टेकलेला दिसतो त्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग टेकलेलाच नसतो. ही त्रुटी नव्हे. चिखलात ठोकळ्यांनी रुतून माती धरावी आणि चाक फिरताच ती रुंद फटींतून बाहेर फेकावी, म्हणून ती जागा जाणूनबुजून मोकळी सोडलेली असते. दगडाने कातरले जाऊ नये म्हणून त्याच्या रबराचे मिश्रण चिवट ठेवतात, आणि ठोकळे दणकट राहावेत म्हणून त्यांवर बारीक चिरा अगदी थोड्या घालतात. म्हणजे ज्या गुणांमुळे तो चिखलात श्रेष्ठ ठरतो, ते गुण कठीण आणि ओल्या रस्त्यावर लागणाऱ्या गुणांच्या बदल्यातच त्याला मिळालेले असतात.

आता या गाड्या धावतात कोठे, ते पाहू. पेण, हमरापूर, जोहे या भागांतून घरगुती गणेशमूर्ती मुंबईत आणणारी गाडी शिवडीहून अटल सेतूवर चढते. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला हा २१.८ किलोमीटरांचा मार्ग चिर्ल्याला उतरवतो, तेथून ती पेणच्या वाटेला लागते, आणि खरा चिखल तिला भेटतो तो कारखान्याच्या दाराशी, शेवटच्या शे-दोनशे पावलांत. जुन्नर-ओतूरकडून झेंडू आणि शेवंती भरून दादरला येणारी गाडी माळशेज घाट उतरून कल्याणमार्गे शहरात शिरते. तिला चिखल भेटतो तो मळ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या तुकड्यात. पुणे-साताऱ्याकडून येणारी गाडी २००२ साली पूर्णपणे सुरू झालेल्या, सुमारे ९४ किलोमीटर लांबीच्या आणि काँक्रीटच्या द्रुतगती मार्गाने येते. विदर्भ-मराठवाड्याकडची गाडी ५ जून २०२५ पासून नागपूर ते आमणे असा सलग ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग वापरू शकते. या प्रत्येक वाटेत चिखलाचा हिस्सा फर्लांगांत आहे आणि हमरस्त्याचा दहा-दहा कोसांत. फर्लांगाच्या सोयीसाठी कोसांची सुरक्षितता गहाण टाकणे हा व्यवहार कोणत्याही चोपडीत नफ्याचा म्हणून मांडता येणार नाही.

यावर पुरस्कर्ते म्हणतील की, चिखल राहू द्या, पण पावसाचे पाणी तर हमरस्त्यावरही असते आणि खोल नक्षी पाणी कापते. येथे दोन प्रकारच्या ओलाव्यांची गल्लत होते. रस्त्यावर बोटभर पाणी साचले असेल आणि गाडी वेगात असेल, तर टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा धोका असतो, आणि त्या प्रसंगी नव्या मड टायराच्या खोल, रुंद फटी पाणी लवकर बाहेर लोटतात, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु त्याही बाबतीत नक्षीइतकेच महत्त्व हवेच्या दाबाला आहे. अमेरिकेतील ‘नासा’च्या संशोधकांनी १९६०च्या दशकात विमानांच्या टायरांवर प्रयोग करून जो नियम बसवला, त्याप्रमाणे साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाबरोबर वाढतो, २५ पौंड हवेला तो ताशी सुमारे ८३ किलोमीटर येतो, तर ४९ पौंडांना सुमारे ११७. झिजलेल्या नक्षीला हा नियम विशेष लागू पडतो. तेव्हा तरंगण्याची ज्याला भीती वाटते त्याने नक्षी झिजण्यापूर्वी टायर बदलावा आणि हवा नेमाने तपासावी.

दुसरा ओलावा मात्र अधिक फसवा आहे, कारण तो डोळ्याला दिसत नाही. जूनच्या पहिल्या सरी पडतात तेव्हा आठ महिन्यांची धूळ, टायरांतून झिजलेले रबर आणि गाड्यांतून ठिबकलेले तेल पाण्यात कालवून रस्त्यावर एक पातळ, बुळबुळीत थर पसरतो. आणि पुढेही, पाऊस थांबून रस्ता नुसता ओलसर उरला असता, काँक्रीटच्या घोटीव पृष्ठभागावर पाण्याचा कागदाइतका पदर राहतो. हा पदर फोडून रबर खालच्या खडीपर्यंत पोहोचवण्याचे काम रुंद फटी करीत नाहीत. ते काम ठोकळ्यांवरच्या बारीक चिरांच्या असंख्य कडा करतात, आणि रस्त्याला प्रत्यक्ष टेकलेले रबर करते. मड टायरापाशी या दोहोंची उणीव असते. शिवाय त्याचे उंच ठोकळे ब्रेक दाबताच आपल्या बुडाशी वाकतात, त्यांची पुढची कड दबते, मागची उचलते, आणि आधीच थोडा असलेला संपर्क आणखी घटतो. असा टायर महामार्गावर थोडा वापरला गेला की त्याच्या ठोकळ्यांवरून तळहात एकदा चाकाच्या पुढच्या दिशेने आणि एकदा उलट फिरवून पाहावा. एका दिशेला हात सुळकन सरकतो आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखी कड बोचते. त्या एकेरी झिजेत ठोकळ्यांनी काँक्रीटवर सोसलेली सगळी ओढाताण लिहिलेली असते.

पकडीतला हा फरक किती, याचा हिशेब मांडून पाहावा, म्हणजे ‘थोडे अंतर जास्त लागेल’ या समजुतीचे खरे मोल कळेल. ताशी ८० किलोमीटर वेगाच्या गाडीचा ब्रेक दाबला आणि रस्ता-टायर यांमधला घर्षणांक ०.५ असला, तर गाडी सुमारे ५० मीटरांत थांबते. तोच अंक ०.४ वर आला, तर सुमारे ६३ मीटर लागतात. तेरा मीटरांचा फरक ऐकायला लहान वाटतो. परंतु पहिली गाडी ज्या जागी पूर्ण थांबली, नेमक्या त्या जागेवरून दुसरी गाडी ताशी सुमारे ३६ किलोमीटर वेगाने पुढे जात असते. पुढे थांबलेला ट्रक असेल, रस्ता ओलांडणारे माणूस असेल, तर एका गाडीला नुसता हिसका बसतो आणि दुसरीला अपघात होतो. चालक प्रतिक्षिप्त क्रियेने ब्रेक दाबण्यापूर्वी जे अंतर जाते ते दोघांनाही सारखे. फरक पडतो तो केवळ रबराने. आणि मागच्या हौद्यात मूर्तीला हात लावून कार्यकर्ते उभे असतील, जी प्रथा बेकायदेशीर असूनही दर वर्षी डोळ्यांदेखत चालते, तर त्या तेरा मीटरांत पणाला काय लागलेले असते ते सांगण्याची आवश्यकता नाही.

शहरातल्या पाण्याचा दाखलाही वारंवार दिला जातो, आणि हिंदमाता हे नाव त्यात हटकून येते. दादर-परळच्या सीमेवरचा तो सखल भाग मुसळधार पावसात भरतो, हे मुंबईच्या प्रत्येक पिढीने पाहिले आहे. महापालिकेला त्यासाठी जवळच्या मैदानांखाली पाणी साठवण्याच्या टाक्या बांधाव्या लागल्या. पण हिंदमात्याला पाणी तुंबते तेव्हा चाकाखाली चिखल नसतो, कठीण रस्ता असतो; तेथे गाडी बंद पडते ती चाक घसरल्यामुळे नव्हे, तर हवा ओढणाऱ्या नळीत पाणी शिरल्यामुळे. तेथे टायराच्या नक्षीचा काडीमात्र उपयोग नाही. उपयोग आहे तो पाण्याची खोली ओळखून गाडी मागे वळवण्याच्या शहाणपणाचा.

खऱ्या चिखलाकडे येऊ, कारण या मताचा मुख्य आधार तोच आहे. गाडी रुतते म्हणजे काय होते? आपल्याकडच्या बहुसंख्य मालवाहू पिकअपना शक्ती मिळते ती फक्त मागच्या दोन चाकांना, आणि त्या दोहोंमधला डिफरन्शियल साधा असतो, म्हणजे ज्या चाकाला पकड कमी त्याला तो मोकाट फिरू देतो. माल भरायला निघालेली गाडी रिकामी असते. इंजिनाचे वजन पुढच्या चाकांवर आणि मागची चाके हलकी. अशा गाडीचे एक मागचे चाक चिखलात गेले की ते जागच्या जागी गरगर फिरते, दुसरे स्वस्थ राहते, आणि फिरणारे चाक आपल्यासाठी अधिकाधिक खोल खड्डा खणत जाते. मड टायर या अवस्थेत थोडी मदत करतो हे खरे, पण रोग आहे तो वजनाच्या अभावाचा आणि डिफरन्शियलच्या रचनेचा. टायर त्यावर उपाय नव्हे, मलमपट्टी आहे. अनुभवी चालक अशा जागी पाय ॲक्सिलरेटरवरून काढतो, चाकापुढे गोणपाट किंवा फळी सरकवतो, हौद्यात मागच्या बाजूला वजन ठेवतो, आणि इतके करूनही जमले नाही तर शेजारच्या मळ्यातला ट्रॅक्टर बोलावून टोचन करून बाहेर निघतो.

मातीमातीतही भेद आहे. कोकणातल्या लाल मातीत वरचा थर निसरडा असला तरी खाली पुष्कळदा जांभ्याचा किंवा मुरमाचा कठीण तळ असतो. तेथे अरुंद, सरळ नक्षीचा टायरही वरचा गाळ कापून तळाला जाऊन टेकतो. देशावरच्या काळ्या कापशीच्या जमिनीत तसा तळच हाती लागत नाही; ती माती मुरली की इतकी चिकट होते की मड टायराच्या रुंद फटीही काही फेऱ्यांत लिंपून जातात आणि ठोकळ्यांचा टायर गुळगुळीत गोळ्यासारखा फिरू लागतो. म्हणूनच भातखाचरात उतरवायच्या ट्रॅक्टरला शेतकरी लोखंडी पिंजऱ्याची चाके लावतात; रबराचे सामर्थ्य तेथे अपुरे पडते हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. तेव्हा लाल मातीत मड टायरावाचून पुष्कळदा भागते आणि काळ्या मातीत मड टायरानेही पुष्कळदा भागत नाही. या दोहोंच्या मध्ये ज्या थोड्या जागा उरतात तेवढ्यांचाच खरा प्रश्न आहे.

खड्ड्यांचा मुद्दा अधिक मनाला भिडणारा आहे, कारण त्यात मालकाच्या खिशाला बसलेली चाट आहे. मड टायराची कूस पुष्कळदा जास्त पदरांची असते आणि तीक्ष्ण दगडाने ती सहज फाटत नाही, हे खरे. पण आपल्या खड्ड्यात कूस फुगते किंवा रिम वाकते ती बहुधा कमी हवा, जास्त वेग आणि जास्त भार या तिघांच्या संगनमताने. आणि जी कूस वाकत नाही ती धक्का आपल्यात जिरवतही नाही. तो सरळ पाट्यांना, सांध्यांना आणि हौद्यातल्या मालाला जातो. शाडूची मूर्ती वाहणाऱ्याला हे निराळे सांगावयास नको, कारण तिला बोटाजवळ किंवा सोंडेजवळ पडलेली केसाएवढी भेग घरी पोहोचेपर्यंत दिसतही नाही.

शिवाय येथे एक नागरी तत्त्वाचा प्रश्न आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि ते किती काळ रखडले हे कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चांगल्या स्थितीतला रस्ता हा नागरिकाच्या जीविताच्या अधिकाराचाच भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटले, आणि २०२५च्या ऑक्टोबरात त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये नुकसानभरपाई देण्याचा हुकूम केला. खड्ड्यांची जबाबदारी कोणाची, याचा फैसला असा झालेला असताना, आपणच आपल्या पैशाने दणकट टायर विकत घेऊन त्या जबाबदारीवर पांघरूण घालणे मला अनुचित वाटते. खड्ड्याचा इलाज रस्त्यावर झाला पाहिजे, आणि तो होईपर्यंत खड्डे चुकवण्यासाठी वेग कमी करणे हा कोणत्याही टायरापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे.

‘शेकडो गाड्या धावतात, त्यांना काही होत नाही’ या युक्तिवादाचा विचार गांभीर्याने केला पाहिजे, कारण प्रत्यक्षाचे प्रमाण सर्वांत बलवान मानले जाते. पण हे प्रत्यक्ष अपुरे आहे. मड टायर लावलेली गाडी कोरड्या रस्त्यावर, मध्यम वेगाने, पुढच्या गाडीपासून अंतर राखून धावत असते तोवर तिची उणीव प्रकट होण्याचे कारणच नसते. ती प्रकट होते ओल्या रस्त्यावर, अचानक ब्रेक दाबण्याच्या एकाच क्षणी. तो क्षण आला नाही म्हणून टायर चांगला ठरत नाही. आणि ज्यांच्यावर तो क्षण आला, ते ‘गाडी स्लिप झाली’ एवढेच सांगतात. पंचनाम्यात टायराच्या नक्षीची नोंद क्वचितच होते, म्हणून दोष पावसाला लागतो, दैवाला लागतो, टायराला लागत नाही. ज्या पुराव्याची नोंदच होत नाही त्याच्या अभावावर सिद्धांत उभारणे न्यायशास्त्राला धरून नाही.

आता तिसऱ्या आणि माझ्या मते मर्मस्थानी असलेल्या मुद्द्याकडे वळतो : एका रात्रीचे नुकसान टाळण्यासाठी वर्षभराची गैरसोय परवडते, हा तो मुद्दा. या तुलनेत एका बाजूला जे ठेवले आहे ते बरोबर आहे. फुलांचा लगदा हे खरे नुकसान आहे आणि पहाटेच्या बाजाराला चुकलेला माल दुपारी मातीमोल होतो. पण दुसऱ्या बाजूला ‘थोडा आवाज, थोडे डिझेल’ एवढेच ठेवले आहे, आणि तेथेच हिशेब चुकतो. दुसऱ्या बाजूला आहे घाटातल्या ओल्या वळणावर न थांबलेली गाडी, चालक, त्याच्या शेजारचा क्लीनर आणि समोरून येणारे अपरिचित कुटुंब. चिखलात टायर कमी पडला तर तास जातो, मालाचे पैसे जातात, ट्रॅक्टरवाल्याला बिदागी द्यावी लागते. हमरस्त्यावर टायर कमी पडला तर माणूस जातो. म्हणून टायराची निवड ज्या रस्त्यावरची चूक भरून निघते त्या रस्त्याकडे पाहून करावयाची नसते. ज्या रस्त्यावरची चूक भरून निघत नाही, त्या रस्त्याकडे पाहून ती करावयाची असते. माझ्या सर्व प्रतिवादाचे सार या एका वाक्यात आहे.

मड टायरांच्या हौसेबरोबर आणखी दोन अपाय घरात शिरतात. पहिला मापाचा. रुबाब दिसावा म्हणून मालक मोठ्या मापाचा टायर चढवतात. २४५/७० आर १६ हे मूळ माप असलेल्या गाडीला २६५/७५ आर १६ लावला की चाकाचा व्यास सात टक्क्यांहून अधिक वाढतो; वेगदर्शक ८० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात जवळजवळ ८६ने धावत असते, ब्रेकला अधिक लांबीच्या तरफेशी झुंजावे लागते, आणि हौदा उंचावल्यामुळे उभ्या मालाचा तोल अधिक नाजूक होतो. दुसरा अपाय भाराचा. टायराच्या कुशीवर मापाच्या शेजारी जो भारांक लिहिलेला असतो, तो बघण्याची वहिवाटच आपल्याकडे नाही. १२१ हा अंक म्हणजे एका चाकाला १,४५० किलो, ११२ म्हणजे १,१२०, आणि १०० म्हणजे केवळ ८००. दीड-पावणेदोन टन माल भरलेल्या पिकअपच्या मागच्या एकेका चाकावर टनाच्या आसपास भार येतो. तेथे हौशी मोटारींसाठी बनवलेला, दिसायला आडदांड पण १०० भारांकाचा टायर लावणे म्हणजे अपघाताला आमंत्रण देणे होय. त्यात खोल नक्षीचे जाड रबर सतत वेगात अधिक तापते आणि उष्णता सहज सोडत नाही. मे महिन्यात समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर, जास्त भार आणि कमी हवा घेऊन, तासन्‌तास एकाच वेगाने जाणाऱ्या गाडीला ही उष्णता किती महाग पडेल हे स्पष्ट आहे.

मग घ्यावे काय? केवळ निषेध करून थांबणे हा माझा हेतू नाही. जुन्या ट्रकचालकांची पुढे रिब आणि मागे लग ही जी रीत होती, तिच्यात शास्त्र होते : वळणाऱ्या चाकांना सलग कडांची, ओल्या रस्त्यावर दिशा न सोडणारी नक्षी, ओढणाऱ्या चाकांना माती धरणारी. आजच्या पिकअपसाठी त्याच रीतीचे सुधारलेले रूप म्हणजे मागच्या चाकांना मधोमध सलग पट्टी आणि खांद्यावर ठोकळे असलेला सेमी-लग टायर. मधली पट्टी काँक्रीटवर ब्रेक लावते आणि खांद्याचे ठोकळे बांधावरून गाडी बाहेर काढतात. जो मागे मड टायर आणि पुढे साधे टायर लावू म्हणतो त्याने मात्र लक्षात घ्यावे की, रिकाम्या पिकअपची मागची बाजू आधीच हलकी असते. तिथली ओल्या रस्त्यावरची पकड आणखी घटवली तर वळणावर गाडीची शेपटी पुढे येते. चारही चाकांना शक्ती देणारी गाडी असेल तर चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि सारख्या झिजेचे हवेत, आणि तेथे ऑल-टेरेन जातीचा, पुरेशा भारांकाचा टायर हा उत्तम मध्यममार्ग आहे. त्याच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात, फटी मध्यम असतात, आणि कारखान्याच्या दाराशी लागणाऱ्या शे-दोनशे पावलांच्या चिखलाला तो पुरून उरतो.

निवडीइतकीच देखभाल महत्त्वाची. मोटार वाहन नियमांनी चारचाकी गाडीच्या नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर ठरवली आहे, पण ती कायद्याने ठरवलेली शेवटची हद्द आहे, पावसाळ्यासाठीची शिफारस नव्हे. तीन मिलिमीटरांच्या खाली आलेला टायर मृगापूर्वी बदलावा. कुशीवरचे शेवटचे चार अंक टायराचा जन्म सांगतात, २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी वर्षानुवर्षे उन्हात राहिलेले रबर कडक झालेले असते. हवा भाराप्रमाणे भरावी, गाडी थंड असताना मोजावी, आणि चिखलातून निघण्यासाठी उतरवली असेल तर डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी पुन्हा भरून घ्यावी. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ साली टायरांच्या ओल्या रस्त्यावरील पकडीसाठी मानके अधिसूचित केली आहेत; ग्राहकाने दुकानात उभे राहून नक्षीच्या रुबाबाऐवजी या पकडीची चौकशी करण्याचा परिपाठ पाडला पाहिजे.

मड टायर कोणी घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. ज्याची गाडी खाणीत, धरणाच्या कामावर, वनखात्याच्या वाटांवर किंवा डोंगरावरच्या मनोऱ्यांच्या दुरुस्तीवर रोज जाते, जिला चारही चाकांची ओढ आहे आणि डांबर जिच्या वाट्याला क्वचित येते, तिला मड टायर शोभतात आणि हवेतही. अशा गाडीला अधूनमधून महामार्ग पत्करावा लागत असेल, तर तिच्यासाठी चाकांचा दुसरा संच ठेवणे किंवा महामार्गावर वेग आणि अंतर यांचे कडक बंधन पाळणे, यांतले एक करावेच लागेल. पण दादर, परळ, लालबाग आणि गिरगावच्या दारात उभ्या असलेल्या मालवाहू गाड्यांपैकी अशा गाड्या विरळा. बहुतेकींचे आयुष्य काँक्रीटवर जाते, आणि त्यांचे टायर काँक्रीटसाठीच हवेत.

म्हणून व्यापाऱ्यांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, मूर्ती, फुले किंवा मंडपाचे सामान आणण्यासाठी गाडी ठरवताना भाड्याबरोबर टायरांचीही चौकशी करावी : भारांक किती, नक्षी किती उरली, जन्म कोणत्या सालचा, हवा कधी तपासली. ज्या मालकाने मड टायर चढवले आहेत त्याला ते उतरवून ठेवण्याची तजवीज करण्यास सांगावे, आणि त्याचा खर्च निघावा म्हणून भाड्यात चार पैसे अधिक द्यावे लागले तर ते बिनतक्रार द्यावेत. चालकांनी मालकापाशी हाच हट्ट धरावा, कारण सुकाणूवर हात त्यांचा असतो आणि पहिला आघात त्यांच्या छातीवर येतो. रुतलेली गाडी दहा माणसांच्या धक्क्याने निघते. वेगात घसरलेल्या गाडीपाशी धावून आलेली दहाच काय, शंभर माणसेही तो एक क्षण परत आणू शकत नाहीत. टायर विकत घेताना मालकाने या दोन संकटांतले मोठे कोणते, हे आधी ठरवावे आणि मगच दुकानाची पायरी चढावी.